इळ्याच्या आकाराचं रक्त

मैत्रिणींनो, गहू कापताना आपण हातात धरतो तो इळा. त्याला इंग्रजीत सिकल म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा घरांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचं नाव त्यावरूनच पडलं, कारण रक्तातल्या लाल पेशी तशा वाकड्या होतात.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तातल्या अशा पेशींची माहिती छापली. मग कित्येक वर्षं अमेरिकेत हा ‘काळ्यांचा आजार’ ठरला. गोऱ्या माणसात सापडला, तर डॉक्टर त्याच्या वंशावरच शंका घेत!

खरा संबंध कातडीशी नाही, हिवतापाशी आहे. एकाच पालकाकडून हा दोष आला, तर माणसाला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून जिथं हिवताप जुना, तिथं तो टिकला: आफ्रिकेत, ग्रीसमध्ये आणि सातपुड्यातही. भारतात त्याची नोंद १९५२ साली निलगिरीत झाली.

आणि आपण? सांधे ठणकतात म्हणून शेतात बसलेल्या मजूरणीला आम्ही रनाळ्याच्या बायकांनीही ‘आळशी’ म्हटलंय, खोटं कशाला बोलायचं. भिलीत दुखणं सांगणाऱ्या बाईला दवाखान्यात न ऐकताच गोळी देऊन वाटेला लावलेलंही पाहिलंय.

आजारी बाळ झालं की बोल सुनेला. पण हा आजार आई आणि बाप, दोघांकडूनही दोष आला तरच होतो. दोघंही नुसते वाहक असले, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता. वाहक म्हणजे आजारी नव्हे. लग्नाआधी रक्त तपासायचं, तर मुलाचंही तपासायला हवं.