गंधाचें आमिष

आळेफाट्याहून नगरकडे जाऊं लागलें म्हणजे आणे घाट चढून वाट पठारावर येते. पावसानें नेहमींच हात आखडता घेतलेला हा मुलूख. गेल्या वैशाखांत आणे येथें एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावर गेलों असतां आंब्याच्या फांद्यांना टांगलेले प्लॅस्टिकचे डबे दृष्टीस पडले. आंत औषधांत भिजविलेला लांकडी ठोकळा व त्याखालीं मेलेल्या माश्यांचा खच. विद्यार्थी तो मोठ्या अभिमानानें दाखवीत होता. परंतु त्याच्या वृद्ध मातोश्रींनीं एका वाक्यांत त्याचा विरस केला. "गडी मरत्यात सारे, बाया मोकळ्याच हिंडत्यात, आन् आंबा तर बायाच नासवत्यात न्हवं?"

आक्षेप अगदीं शास्त्रशुद्ध होता. फळाच्या सालीखालीं अंडीं घालते ती मादी, आणि डब्यांत सांपडतो तो नर. असें कां, हें समजण्यास या आमिषाचा इतिहास पाहिला पाहिजे. आणि तो, पुष्कळांस वाटतें तसा, परदेशांत सुरू झालेला नाहीं.

बिहारांतील पुसा येथें १९०५ सालीं सरकारी कृषिसंशोधन संस्था स्थापन झाली. तेथील कीटकशास्त्रज्ञ एफ्. एम्. हौलेट यांच्या एका शेजाऱ्यानें डांस दूर राहावेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला नांवाच्या सुगंधी गवताचें तेल लावलें. डांसांचें काय झालें तें असो. फळमाश्या मात्र रुमालाभोंवतीं घोंघावूं लागल्या. दुसरा कोणी त्या हांकून मोकळा झाला असता. हौलेटसाहेबांनीं त्या पकडून तपासल्या, तों सारे नर! १९१२ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें आणि १९१५ मधील लेखांत मिथाइल युजेनॉल या द्रव्यापर्यंत त्याचा माग काढला. आपल्या अंगणांतील तुळशींतहि हेंच द्रव्य कमी-अधिक प्रमाणांत असतें.

नराला येथें मादीचा भास होतो, अशी समजूत सहज होते. ती बरोबर नाहीं. नर हें द्रव्य खातो, आणि त्यापासून त्याच्या शरीरांत जे गंध तयार होतात ते मादीस वश करण्याच्या कामीं येतात. तो येतो तो एका अर्थीं अत्तराच्या दुकानीं! म्हणून या डब्यास सरसकट ‘कामगंध सापळा’ म्हणणें मला पटत नाहीं, जरी शब्द मोठा गोड आहे. खरा कामगंध मादीचा स्वतःचा. बुटेनांट यांनीं रेशमाच्या सुमारें पांच लक्ष पतंगमाद्यांपासून तो १९५९ सालीं वेगळा काढून दाखविला. घाटेअळी व बोंडअळी यांच्या पतंगांसाठीं आज लावतात तीं आमिषें त्या जातीचीं.

पुसाच्या शोधाचें मोठें फळ मात्र दूर पॅसिफिक महासागरांत दिसलें. रोटा नांवाच्या लहानशा बेटावर मिथाइल युजेनॉल व विष यांत भिजविलेले पुठ्ठ्यासारखे तुकडे विमानांतून टाकण्यांत आले. नरच उरले नाहींत, माद्यांचीं अंडीं वांझ राहिलीं, आणि तेथून फळमाशी नाहींशी झाल्याचा वृत्तांत १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्याकडे दापोलीच्या कृषिविद्यापीठानें ‘रक्षक’ सापळा तयार केला, तोहि याच तत्त्वावर.

पण रोटाला समुद्राचें कुंपण होतें. आण्याच्या शेताला आहे तो हातभर उंचीचा बांध! शेजारच्या झाडावर फळलेली मादी तो ओलांडून येते, आणि आपल्या डब्यांत कितीहि नर पडले तरी तिचें कांहीं अडत नाहीं. खालीं गळून सडलेलीं फळें दोघांनींहि उचलून खोल पुरलीं नाहींत, तर पुढची पिढी त्यांतूनच निघावयाची.

मीं हें सारें मातोश्रींना सांगितलें. त्यांनीं मुलाकडे पाहिलें. बांधापलीकडची झाडें त्याच्या सख्ख्या चुलत्याचीं होतीं, आणि त्याच बांधावरून दोन घरांचें बोलणें चार वर्षें बंद होतें. "सर, तुम्ही चला बरोबर," विद्यार्थी म्हणाला. ऊन उतरल्यावर चार डबे पिशवींत घालून आम्ही दोघे निघालों.