दप्तरी घशाची म्हणून

बुलढाण्याचा मुलूख घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभंगलेला असला, तरी तळहातावर तंबाखू-चुना मळण्याची आणि विडी ओढण्याची सवय त्या सीमेस जुमानीत नाही. आणि आवाज बसून घास उतरेनासा झाला म्हणजे मलकापूर वा शेगावच्या स्थानकावर मुंबईची गाडी धरून परळच्या ‘टाटा’त जावयाचे, हा परिपाठही दोहोंकडे सारखाच आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या त्या रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला, १९५२ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, आणि तेथे डॉ. कमल रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन-प्रयोगशाळा थाटली. जे रसायन रोग्यास द्यावयाचे ते आधी देहाबाहेर वाढविलेल्या पेशींस पाजून पाहावे. विषाची परीक्षा स्वतःवर करू नये, हे घरोघरचे शहाणपणच येथे शास्त्र झाले.

परंतु ज्या पेशीवर घशाची औषधे जगभर पारखली गेली, तिची जन्मनोंदच खोटी निघाली. अमेरिकेत १९५२ साली एका रोग्याच्या स्वरयंत्रातील अर्बुद उंदरांच्या देहात रुजवून ‘हेप-२’ हा पेशीवंश मिळविण्यात आला, असे दप्तर सांगते; परंतु १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी एका विकराच्या साक्षीने दाखविले की, असे अठरा पेशीवंश वस्तुतः ‘हेला’च होत, म्हणजे १९५१ साली बाल्टिमोर येथे निवर्तलेल्या हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखातील पेशी, आणि हेप-२ ही त्यांतलीच. एखाद्या नळीतून निसटलेला थेंब दुसऱ्याच्या कुपीत पडला, आणि दांडग्या पाहुण्याने मूळ घरमालकास हुसकून लावले. वहिवाट एकाची आणि फेरफार दुसऱ्याच्या नावे, हा प्रकार आमच्या वऱ्हाडातील तलाठ्यांनाच ठाऊक असावा, असे मी समजत होतो.

आता लहान गावच्या महाविद्यालयांत घडविलेली संयुगे पारखणीसाठी ‘टाटा’च्याच खारघरच्या संशोधन-केंद्राकडे, म्हणजे ‘अ‍ॅक्ट्रेक’कडे जातात. तेथेही परीक्षा पेशींवरच होते: शहाण्णव चिमुकल्या खळग्यांच्या तबकडीत त्या पेरून, त्यांवर औषध घालून अठ्ठेचाळीस तास ठेवतात, मग आम्लाने त्यांना जागच्या जागी जखडून गुलाबी रंग देतात. जेथे पेशी जगल्या तेथे रंग गडद, जेथे मेल्या तेथे फिका, आणि शेजारच्या खळग्यांत तुलनेसाठी कर्करोगावरचे मान्य औषध अ‍ॅड्रियामायसिन.

हेप-२ची कुपी आजही विकत मिळते. पेशीपेढीच्या यादीत तिच्या नावापुढे हेलाच्या भेसळीचा शेरा आहे, आणि तरीही पुष्कळ निबंधांच्या मथळ्यांत ती घशाचीच राहिली आहे.