पोन्नियिन सेल्वन (चित्रपटरूप, दुसरा भाग व वाद)

कल्की रा. कृष्णमूर्ती (१८९९–१९५४) यांच्या याच नावाच्या तमिळ कादंबरीवर मणिरत्नम यांनी काढलेले दोन चित्रपट व त्यांवरून झालेली चर्चा. पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ रोजी व दुसरा २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाला. कथेची भूमी मुख्यतः कावेरीचे खोरे, त्यातही तंजावर, कुंभकोणम व कुंभकोणमच्या नैर्ऋत्येस असलेले चोळांचे निवासनगर पळैयारै. पोन्नी म्हणजे कावेरी. तिचा लाडका तो अरुळमोळिवर्मन, म्हणजेच पुढे पहिला राजराज (कार. ९८५–१०१४) म्हणून प्रसिद्धीस आलेला चोळ राजा.

कादंबरी : कल्की हे मायावरमजवळच्या पुत्तमंगलमचे, म्हणजे याच खोऱ्यातले. त्यांच्या ‘कल्की’ साप्ताहिकातून ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात क्रमशः आली. पुस्तकरूपात तिचे पाच खंड असून पृष्ठसंख्या दोन हजारांवर जाते. मणियम यांच्या रेखाचित्रांनी पात्रांचे चेहरे वाचकांच्या मनात इतके पक्के बसवले, की चित्रपटातल्या नटांची तुलना पुष्कळांनी इतिहासाशी न करता त्या चित्रांशी केली. कल्कींच्या साहित्याचे तमिळनाडू सरकारने राष्ट्रीयीकरण केल्यावर स्वस्त आवृत्त्यांचा पूर आला आणि कुमारवयातच ही कादंबरी हाती पडणे ही तिकडे घरोघरची गोष्ट झाली.

कुंभकोणमचे जुने नाव कुडन्दै. पहिल्या खंडातला कुडन्दैच्या ज्योतिषाच्या घरचा प्रसंग वाचकप्रिय आहे. राजकन्या कुंदवै व तिची सखी वानती भविष्य विचारायला बसलेल्या असताना कथानायक वंदियदेवन दारावरच्या माणसाला न जुमानता आत घुसतो. नायक-नायिकेची पहिली भेट ती ही. चित्रपटात या प्रसंगाला पुस्तकातले स्थान मिळालेले नाही, आणि कुंभकोणमकरांची तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

पूर्वप्रयत्न : एम. जी. रामचंद्रन यांनी १९५८ मध्ये हक्क घेतले होते, पण चित्रपट झाला नाही. मणिरत्नम यांचा १९८०च्या दशकाच्या अखेरचा व २०१०–११ चा, असे दोन्ही प्रयत्न खर्चाच्या अंदाजाशी अडले. रंगभूमीने मात्र आधीच बाजी मारली : चेन्नईच्या मॅजिक लँटर्न संस्थेने १९९९ मध्ये याचे नाटक केले. त्याची संहिता इळंगो कुमरवेल यांची. चित्रपटाच्या पटकथेतही ते आहेत. संवाद जयमोहन यांचे.

कल्कींच्या लेखनावर चित्रपट होऊन वाद होणे नवे नाही. ‘त्यागभूमी’ (१९३९) ही त्यांची कथा ‘आनंद विकटन’मध्ये चित्रपटातल्या छायाचित्रांसह क्रमशः छापली जात होती. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम हे कुंभकोणमशेजारच्या पापनाशमचे. ब्रिटिश सरकारने त्या चित्रपटावर पुढे बंदी घातली. तो वाद चालू राजवटीशी होता, आताचा हजार वर्षांपूर्वीच्या राजवटीवरून आहे.

लेखांची साक्ष : चोळ युवराज आदित्य करिकालाचा खून कोणी केला या वादाचे मूळ एका शिलालेखात आहे, म्हणून त्याचा परामर्श थोडा विस्ताराने घेणे अवश्य आहे. कडलूर जिल्ह्यातील काट्टुमन्नारकोइल येथे, उडैयारकुडीच्या अनंतीश्वर मंदिराच्या भिंतीवर राजराजाच्या दुसऱ्या राज्यवर्षाचा लेख आहे. त्यात वीरनारायण चतुर्वेदिमंगलम या अग्रहाराच्या सभेला राजाज्ञा दिली आहे. ‘पांड्याचे मस्तक घेतलेल्या’ करिकाल चोळाचा घात करून द्रोही ठरलेले सोमन, रविदासन उर्फ पंचवन ब्रह्माधिराजन, परमेश्वरन उर्फ इरुमुडिचोळ ब्रह्माधिराजन आणि त्यांचे नातलग यांची जमीनजुमला मालमत्ता जप्त करून विकावी, असा तिचा आशय. पुढचा मजकूर त्या विकलेल्या जमिनीचा व तिच्यातून मंदिरात केलेल्या धर्मादायाचा आहे.

एवढ्यावर इमारत उभी आहे. हा करिकाल म्हणजे सुंदर चोळाचा थोरला मुलगा व राजराजाचा भाऊ दुसरा आदित्य. त्याच्यानंतर गादी मिळाली ती चुलता उत्तम चोळ याला, आणि उत्तमाच्या सुमारे पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत या द्रोह्यांविरुद्ध काही केल्याचे लेख सापडत नाहीत. के. ए. नीलकंठ शास्त्री यांनी चोळांच्या इतिहासात यावरून उत्तमाकडे संशयाचे बोट दाखवले. टी. व्ही. सदाशिव पंडारत्तार यांना ते पटले नाही. पंडारत्तार कुंभकोणमजवळच्या तिरुप्पुरंबियमचे. कुंभकोणमच्या शाळेत तमिळ शिकवीत त्यांनी गावोगावचे लेख वाचून काढले. प्रस्तुत नोंदकाराला त्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण लेखात शिक्षेची तारीख नाही, फक्त मालमत्तेची विल्हेवाट आहे. ती वर्षानुवर्षे लांबणे हे कुठल्याही काळच्या महसूल दप्तराला शोभणारेच आहे. शिवाय ‘ब्रह्माधिराजन’ ही बड्या ब्राह्मण अधिकाऱ्याला मिळणारी राजपदवी, तर ‘पंचवन’ हे पांड्यांचे बिरुद. तेव्हा हा पांड्यांनी उगवलेला सूड, की दरबारातला कट, हे लेखावरून ठरत नाही. राजराजाचा मुलगा राजेंद्र याच्या तिरुवालंगाडु ताम्रपटात मात्र, चुलत्याला राज्याची इच्छा आहे तोवर अरुळमोळीने गादी घेण्याचे मनात आणले नाही, असे वर्णन येते. पण ते मुलाच्या कारकिर्दीतले प्रशस्तिपर काव्य आहे, हे विसरू नये.

कल्कींनी शास्त्री आणि पंडारत्तार दोघांचेही संशोधन वापरले आणि खुनी कोण हे कादंबरीभर झुलवत ठेवले. वंदियदेवन खरा, पण इतिहासात त्याच्या नावापलीकडे फारसे काही नाही : तंजावरच्या लेखांत कुंदवै ही वल्लवरैयर वंदियदेवाची पत्नी म्हणून येते. नंदिनी, पूंगुळली व आळ्वारकडियान ही पात्रे पूर्णपणे कल्पित आहेत. कट रचला जातो ते ठिकाण मात्र खरे आहे. तिरुप्पुरंबियमला नवव्या शतकाच्या अखेरीस चोळ, पल्लव व गंग एका बाजूने आणि पांड्य दुसऱ्या बाजूने अशी लढाई झाली. तिच्यात पडलेल्या गंगराजा पृथ्वीपतीची पळ्ळिप्पडै (समाधिस्थानावरचे मंदिर) तिथे दाखवतात. कल्कींनी रात्रीची शपथ घडवली ती याच ठिकाणी.

दोन भाग आणि बदल : पहिला भाग १६७ मिनिटांचा, दुसरा १६४ मिनिटांचा. दुसऱ्याला पुष्कळांनी ‘सीक्वेल’ म्हटले. वस्तुतः तो एकाच कादंबरीचा उत्तरार्ध आहे. एका पुस्तकाचे दोन चित्रपट करण्याची चाल इंग्रजी कुमारकादंबऱ्यांवरच्या चित्रपटांनी रूढ केली. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग २०१० व २०११ मध्ये असा विभागून आला. सुझन कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ या भयावह भविष्याच्या कादंबरीत्रयीतले तिसरे पुस्तकही २०१४ व २०१५ मध्ये दोन चित्रपटांत वाटले गेले, आणि तिकिटांसाठी कथा ताणली अशी टीका तिथे झाली. इथली टीका नेमकी उलट : पाच खंड दोन चित्रपटांत कोंबले आणि माणसे गळाली. मणिमेकलै हे पात्र संपूर्ण वगळले गेले. मधुरांतक म्हणून वाढलेला राजपुत्र खरा नसून, लहानपणी झालेल्या अदलाबदलीमुळे सेंदन अमुदन हाच खरा मधुरांतक, म्हणजे उत्तम चोळ, ठरण्याचा कादंबरीतला उलगडाही काढून टाकला. चित्रपटात मधुरांतक स्वतःच गादीवर बसतो. इतिहासाच्या दृष्टीने ही काटछाट उपकारकच म्हणावी लागेल. बाळांच्या अदलाबदलीला कुठल्याही लेखाचा आधार नाही. तरीही ‘इतिहास बदलला’ ही ओरड सर्वांत मोठ्याने झाली ती याच जागी. कल्कींनाच लोक बखर मानून बसले आहेत, हा त्याचा पुरावा.

करिकालाच्या मृत्यूचा प्रसंग कादंबरीत धूसर आहे. चित्रपटाने त्याला नंदिनीवरील प्रेमाच्या शोकांतिकेचे वळण दिले. काहींना ते आवडले, काहींना कटाची धार बोथट झालीसे वाटले.

मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये अशी एक भर आहे. कादंबरी आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी वीरनारायण तलावाच्या काठी सुरू होते, तर चित्रपट राष्ट्रकूटांशी लढाईने. शत्रू म्हणून येतो तो खोट्टिग, म्हणजे वेरूळचे कैलास लेणे खोदवणाऱ्या घराण्याचा दहाव्या शतकातला राजा. दुसऱ्या भागाच्या शेवटीही राष्ट्रकूटांशीच युद्ध आहे. तिसऱ्या कृष्णाने ९४९ मध्ये तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला व युवराज राजादित्य मारला गेला. त्या जखमेची आठवण म्हणून हे समजण्यासारखे आहे, पण कल्कींच्या कथेचा तो भाग नव्हे. चित्रीकरण ओरछा, महेश्वर, हैदराबाद व थायलंडमध्ये झाले. अहिल्याबाई होळकरांच्या अठराव्या शतकातील घाटावर दहाव्या शतकातली चोळ मंडळी वावरतात, हे पाहताना मराठी प्रेक्षकाला गंमत वाटते. मराठी नट मकरंद देशपांडे कालामुख या शैव पंथातल्या साधूच्या भूमिकेत आहेत.

सुवर्णयुग की अंधारयुग : खरा तंटा चित्रपटापूर्वीच पेटला होता. जून २०१९ मध्ये कुंभकोणमजवळच्या तिरुप्पनंदाळ येथील सभेत दिग्दर्शक पा. रंजित यांनी राजराजाचा काळ दलितांसाठी काळोखाचा होता, त्यांच्या जमिनी त्या काळात गेल्या, असे प्रतिपादन केले. त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला, तो पुढे उच्च न्यायालयाने रद्द केला. पहिला भाग प्रदर्शित झाल्यावर लगोलग दिग्दर्शक वेट्रिमारन यांनी राजराजाला हिंदू राजा ठरवून तमिळांची ओळख हिरावली जाते आहे, असे मत मांडले. कमल हासन यांनी त्या काळी ‘हिंदू’ हे नाव नव्हते, शैव, वैष्णव व जैन होते, अशी पुस्ती जोडली. भाजपच्या नेत्यांनी दोघांनाही प्रत्युत्तर दिले. त्याआधी, शैव चोळ राजपुत्राच्या कपाळी वैष्णव नाम दाखवल्यावरून एक कायदेशीर नोटीसही निघाली होती.

राजराजाचा धर्म कोणता यावर इथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. त्याने स्वतःला ‘शिवपादशेखर’ म्हणवले आणि नागपट्टिनमच्या बौद्ध विहाराला गावही लावून दिले. रंजित यांच्या मुद्द्याबाबत मात्र लेख गप्प नाहीत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर गावांच्या करमाफ जमिनींची यादी आहे. तिच्यात तलाव, स्मशान यांच्याबरोबर ‘परैच्चेरी’ व ‘तीण्डाच्चेरी’ अशा वेगळ्या वस्त्या नोंदल्या आहेत. निरनिराळ्या देवळांतून आणून मंदिरासाठी वसवलेल्या चारशे स्त्रियांची नावे घरानिशी कोरली आहेत. यावरून ‘अंधारयुग’ सिद्ध होते असे नव्हे. जमिनी हिसकावल्या गेल्याचा थेट निष्कर्ष या याद्यांतून काढणे धाडसाचे ठरेल. पण विभागलेल्या वस्त्या होत्या हे निर्विवाद आहे, आणि दोन्ही चित्रपटांच्या साडेपाच तासांत त्यांचे दर्शन कुठेही घडत नाही. ‘हंगर गेम्स’मध्ये राजधानीचा झगमगाट दाखवतानाच तो पोसणारे जिल्हे दाखवले जातात, म्हणून ते राज्य भीषण वाटते. इथे फक्त राजधानी आहे. ‘छावा’ (२०२५) चित्रपटातले लेझीम नृत्य व शिर्के यांचे चित्रण यांवरून महाराष्ट्रात काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना या वादाची जातकुळी ओळखू येईल. तिथे दिग्दर्शकाने कादंबरीकडे बोट दाखवले होते.

संगीत : ए. आर. रहमान. दुसऱ्या भागातील ‘वीरा राजा वीरा’ हे गीत ध्रुपदगायक कनिष्ठ डागर बंधूंच्या ‘शिवस्तुती’वरून घेतले असा दावा डागर घराण्यातर्फे दिल्ली उच्च न्यायालयात झाला. एप्रिल २०२५ मध्ये अंतरिम आदेश दावेदाराच्या बाजूने लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला.

पुरस्कार : पहिल्या भागाला सत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चार पुरस्कार.

स्थळे : चित्रपटांनंतर पर्यटक वाढले व राज्याच्या पर्यटन महामंडळाने खास सहली काढल्या. पट्टीश्वरमजवळ राजेंद्राने आपली सावत्र आई पंचवन महादेवी हिच्यासाठी बांधलेली पळ्ळिप्पडै आहे. तिच्याबद्दल शंका नाही, आणि गर्दीही नाही. गर्दी होते ती उडैयाळूरला. तिथे केळीच्या बागेत एक कललेले शिवलिंग असून ती राजराजाची समाधी असे स्थानिक लोक सांगतात. आधार म्हणून गावातल्या पाल्कुळत्तम्मन मंदिराच्या खांबावरचा लेख दाखवला जातो. तो पहिल्या कुलोत्तुंगाच्या काळातला असून त्यात ‘शिवपादशेखर तिरुमाळिगै’ या वास्तूच्या दुरुस्तीचा उल्लेख आहे. ‘माळिगै’ म्हणजे वाडा की स्मारक, यावर अभ्यासकांत एकमत नाही. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने पुरातत्त्व खात्याला इथली पाहणी करायला सांगितले होते. कुंभकोणमहून दारासुरम, पट्टीश्वरम, पळैयारै व उडैयाळूर ही ठिकाणे एकाच फेरीत होतात. तिरुप्पुरंबियम स्वामिमलैच्या बाजूला असल्याने त्यासाठी वेगळे जावे लागते.