अमेरिकेतल्या 9 राज्यांत आयकर नाही, मग तिथे हातात सारखेच पैसे उरतात का?

अमेरिकेत नोकरी शोधणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो, 'टेक्सास बघ, तिथे टॅक्स नाही.' डॅलस, ऑस्टिन, सिएटलमधल्या मराठी आयटीवाल्यांमध्येही ही चर्चा कायम असते. पण हा सल्ला अर्धाच खरा आहे.

ही राज्यं कोणती?

अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. इथे पगारावर राज्याचा आयकर नाही. केंद्राचा, म्हणजे फेडरल आयकर मात्र सगळीकडे भरावाच लागतो. आणि हे वॉशिंग्टन म्हणजे सिएटलचं राज्य. राजधानी वॉशिंग्टन डीसीमध्ये आयकर आहे.

हातात किती येतात?

2024 चं उदाहरण घेऊ. अविवाहित व्यक्ती, वर्षाला 1 लाख डॉलर पगार, फक्त स्टँडर्ड डिडक्शन.

- फेडरल आयकर: 13,841 डॉलर
- सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (7.65 टक्के): 7,650 डॉलर
- हातात: 78,509 डॉलर

नऊही राज्यांत हा आकडा जवळपास हाच येतो. कॅलिफोर्नियात याच पगारावर राज्याचा आयकर साधारण 5,000 डॉलर होतो. वॉशिंग्टनमध्ये आयकर नसला, तरी दीर्घकालीन देखभाल विम्यासाठी पगारातून 0.58 टक्के कापले जातात. एच-1बीसारख्या तात्पुरत्या वर्क व्हिसावर असलेल्यांना त्यातून सूट मिळू शकते.

मग राज्य पैसे कुठून आणतं?

- टेक्सास: मालमत्ता कर देशातल्या चढ्या दरांपैकी एक. घर घेणाऱ्याला तो थेट भरावा लागतो, भाडेकरूकडून तो भाड्यातून वसूल होतो. विक्रीकर 8.25 टक्क्यांपर्यंत.
- वॉशिंग्टन: सिएटलमध्ये विक्रीकर 10 टक्क्यांच्या वर, पण किराण्यावर नाही.
- टेनेसी: विक्रीकर 7 टक्के, त्यावर स्थानिक कर वेगळा. किराण्यावरही राज्याचा 4 टक्के कर.
- न्यू हॅम्पशायर: विक्रीकर नाही, पण मालमत्ता कर भरपूर.
- फ्लोरिडा: चक्रीवादळांमुळे घराचा विमा महाग.
- अलास्का: तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या निधीतून रहिवाशांना दरवर्षी पैसे मिळतात. 2024 मध्ये प्रत्येकी 1,702 डॉलर मिळाले. पण बराचसा माल बाहेरून येत असल्याने वस्तू महाग.

तुलना कशी करायची?

ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस ही सरकारी संस्था प्रत्येक राज्याचा आणि महानगराचा किंमत निर्देशांक काढते. देशाची सरासरी 100 धरलेली असते. साउथ डकोटा त्याच्या बरंच खाली आहे, वॉशिंग्टन वर.

समजा, एका ठिकाणचा निर्देशांक 90 आहे आणि दुसरीकडचा 108. हातात येणाऱ्या रकमेला निर्देशांकाने भागून 100 ने गुणायचं. 78,509 डॉलरची खरी किंमत पहिल्या ठिकाणी सुमारे 87,200 होते, दुसरीकडे सुमारे 72,700. म्हणजे कर सारखाच, पण फरक साडेचौदा हजार डॉलरचा. कॅलिफोर्नियातल्या त्या आयकराच्या जवळपास तिप्पट!

ऑफर स्वीकारण्याआधी काय पाहावं?

राज्याऐवजी शहराचा निर्देशांक पाहा, कारण ऑस्टिन आणि एल पासो दोन्ही टेक्सासमध्येच असले, तरी घरभाड्यात मोठं अंतर आहे. घरभाडं, गाडीचा विमा आणि आरोग्य विम्याचा हप्ता यांचा महिन्याचा हिशोब मांडा. घर घ्यायचा विचार असेल, तर त्या भागातला मालमत्ता कराचा दर आधीच विचारून घ्या.