‘मानापमाना’ची पहिली रात्र

संगीत नाटकावरील संकट दुहेरी असतें. भाषण विसरल्यास दुसरें पात्र सांवरून घेऊं शकतें. परंतु गाणारा गळाच दुःखानें दाटला, तर पेटी, सारंगी व तबला यांची साथ व्यर्थ होते.

१२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर नाटक मंडळीवर असाच प्रसंग ओढवला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमाना’चा पहिला प्रयोग त्या रात्रीं मुंबईस व्हावयाचा होता. पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या; नायिका भामिनी म्हणजे बालगंधर्व. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहानगी कन्या निवर्तली. भामिनीवांचून प्रयोग होणें अशक्य. तो पुढें ढकलला असता, तरी कोणी दोष दिला नसता. परंतु बालगंधर्वांनीं तें मानलें नाहीं. त्यांनीं तोंडास रंग लावला, आणि दरिद्री धैर्यधराला आधीं झिडकारून पुढें त्याच्यावरच अनुरक्त होणारी मानिनी भामिनी त्या रात्रीं गाऊन उभी केली.

दहा वर्षांनीं, ८ जुलै १९२१ रोजीं, टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं याच नाटकाचा गाजलेला संयुक्त प्रयोग केला.

पहिल्या रात्रीच्या त्या निश्चयास कर्तव्यनिष्ठा म्हणावें कीं काठिण्य, हा प्रश्न आजहि पडतो. प्रेक्षकांस गाणें ऐकूं आलें. त्याचें मोल मात्र पित्यानें एकट्यानें दिलें.