लग्न न करता जोडीदार म्हणून ब्रिटनला जायचंय? आधी हे नियम वाचा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जोडीदाराकडे जायचं तर लग्नाचा दाखला लागतोच, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो बरोबर नाही. तिथल्या नियमांत लग्न न केलेल्या जोडीदारालाही व्हिसा मिळतो. पण दाखला नसला की त्याच्या जागी दोन वर्षांच्या नात्याचे पुरावे द्यावे लागतात, आणि बहुतेक अर्ज इथंच अडतात.

हा व्हिसा कामाला येतो तो ज्यांना इथल्या कायद्यानं लग्न करताच येत नाही त्यांना. गावच्या बैठकीत स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी झाली, पण कोर्टाचा घटस्फोट नाही, अशी माणसं कितीतरी आहेत. काही समाजांतली जुनी रूढी सोडली तर असा कागद हिंदू विवाह कायद्यापुढं टिकत नाही. त्यावर केलेलं दुसरं लग्न कायद्यानं रद्दबातल ठरतं, म्हणजे त्याचा दाखला व्हिसाला जोडूनही उपयोग नाही. ब्रिटनचा नियम मात्र एवढंच विचारतो, की आधीचं नातं कायमचं संपलंय का? ते कागदावर दाखवता आलं, तर घटस्फोटाचा निकाल बाकी असला तरी अर्ज करता येतो. समलिंगी जोडप्यांचंही तसंच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या लग्नाला मान्यता दिली नाही, पण ब्रिटनच्या या व्हिसाला ती अडचण येत नाही.

तिकडचा माणूस कुठल्या व्हिसावर आहे?

पहिला प्रश्न हाच. जोडीदार ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असेल, किंवा त्याला तिथं कायम राहण्याची परवानगी मिळाली असेल, तर कुटुंबाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. तो कुशल कामगार म्हणून नोकरीच्या व्हिसावर असेल तर त्याचा अवलंबित म्हणून वेगळा अर्ज होतो. त्यातही लग्न न केलेला जोडीदार चालतो आणि दोन वर्षांची अट तीच आहे.

इथं फसवणूक होते ती विद्यार्थी आणि केअर वर्कर यांच्या बाबतीत. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना संशोधनाची पदवी घेणारे आणि सरकारी खर्चानं गेलेले मोजके विद्यार्थी सोडले, तर कुणालाच जोडीदार नेता येत नाही. साध्या एमएस्सी किंवा एमबीएला गेलेल्या मुलाला तर नाहीच. ११ मार्च २०२४ पासून नव्यानं केअर वर्कर म्हणून गेलेल्यांनाही तो हक्क नाही. तरीही एखादा एजंट ‘करून देतो’ म्हणत पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

दोन वर्षं म्हणजे काय?

पूर्वी दोन वर्षं एकाच घरात राहिल्याचं दाखवावं लागे. ३१ जानेवारी २०२४ पासून नियम बदलला. आता लग्नासारखं नातं किमान दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं, एका छताखाली राहिलंच पाहिजे असं नाही. नोकरी किंवा शिक्षणामुळं दोघं वेगळ्या गावी असतील, किंवा समाजात लग्नाआधी एकत्र राहणं चालत नसेल, तर ते कारण सांगता येतं. आपल्याकडच्या जोडप्यांना हा बदल मोठा आहे. पण दोघं प्रत्यक्ष भेटलेले असलेच पाहिजेत. नुसत्या व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ कॉलवरची ओळख चालत नाही.

एकत्र राहत असाल तर दोघांच्या नावाचा भाडेकरार, लाइट बिल, जोडखातं, एकाच पत्त्यावर दोघांच्या नावे आलेली बँकेची किंवा सरकारी पत्रं जोडावीत. मूल असेल तर दोघांची नावं असलेला जन्मदाखला. वेगळे राहत असाल तर एकमेकांना पाठवलेले पैसे, भेटीला गेल्याची तिकिटं, सोबतचे फोटो, कॉलच्या नोंदी. हे कागद दोन वर्षांत पसरलेले हवेत. अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांतले ढीगभर कागद उलट संशय वाढवतात. सरपंचाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र जोडायला हरकत नाही, पण तेवढ्यावर काम होत नाही. खोटा भाडेकरार तर करूच नये. पकडला गेला की अर्ज जातो आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी समोर येते.

बाकी अटी सरळ आहेत. दोघंही १८ वर्षांच्या वरचे हवेत, लग्नाला मनाई असलेलं जवळचं रक्ताचं नातं नको, आणि ब्रिटनमध्ये कायम एकत्र राहायचा इरादा हवा. राहायला पुरेशी जागा असल्याचं दाखवावं लागतं. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना मान्यताप्राप्त दवाखान्यातून टीबीची तपासणी करावी लागते. तिचा दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून फार आधी काढून ठेवू नये.

पैसा आणि इंग्रजी

कुटुंबाच्या व्हिसाला सगळ्यात जड जाते ती उत्पन्नाची अट. ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड, म्हणजे तीस लाख रुपयांच्या वर. त्याआधी ही रक्कम १८,६०० पौंड होती. हे उत्पन्न तिकडच्या जोडीदाराचं लागतं. इथून जाणाऱ्याचा भारतातला पगार किंवा शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. सातबाऱ्यावर किती एकर आहे हेही कुणी विचारत नाही. उत्पन्न कमी पडलं तर बचत दाखवता येते. उत्पन्न काहीच नसेल तर ८८,५०० पौंड, म्हणजे एक कोटी रुपयांच्या आसपास रक्कम खात्यात हवी, आणि साधारणपणे ती सहा महिने तशीच पडून असावी लागते. ही बचत दोघांपैकी कुणाचीही चालते. नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या अवलंबिताला ही २९,००० ची अट लागू नाही.

कुटुंबाच्या व्हिसासाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची ए१ पातळीची परीक्षा असते, म्हणजे अगदी सुरुवातीची. रोजचं साधं संभाषण जमलं की पुरे, दहावी-बारावी झालेल्यानं घाबरायचं कारण नाही. मात्र परीक्षा ब्रिटन सरकारनं मान्य केलेल्या केंद्रावरच द्यावी. साधी आयईएलटीएस चालत नाही, त्यासाठी आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए१ सारखी वेगळी परीक्षा आहे.

बाहेरून अर्ज करतानाची फी एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाली होती. वर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांचा मिळून ३,१०५. फी बऱ्याचदा एप्रिलमध्ये वाढते, म्हणून भरण्याआधी त्या दिवशीचा आकडा पाहावा. व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येते. पुढं अडीच वर्षांची मुदतवाढ घ्यावी लागते, तेव्हा इंग्रजीची ए२ पातळी लागते.

अर्ज जीओव्ही डॉट यूके या ब्रिटन सरकारच्या साइटवर स्वतः भरता येतो. नियमांची ताजी माहितीही तिथंच आहे. बोटांचे ठसे द्यायला मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत.