वस्तरा, निसणा आणि स्वावलंबन

मनुष्याच्या नित्य वापरांतील हत्यारांचा इतिहास लिहितांना लेखकाची दृष्टि बहुधा हत्यारावरच खिळून राहते. तें हत्यार ज्याच्या योगानें कामास येतें त्या साधनाकडे ती क्वचितच वळते. तलवारीचें वर्णन करणारे पुष्कळ; शिकलगाराच्या दगडाचें करणारा विरळा. वस्तऱ्याचेंही तसेंच झालें आहे. कठोपनिषदांत आत्मज्ञानाच्या बिकट वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिलेली आहे. त्यामुळें ती धार आपल्या विचारांत फार पुरातन काळापासून आहे. परंतु ती ज्या दगडावर उत्पन्न होते त्या निसण्याविषयीं एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारलें, तर त्याला चार वाक्येंही सांगतां येणार नाहींत. हें अज्ञान दूर करण्याचा एक मोठा मनोरंजक यत्न १७६९ सालीं पॅरिस शहरांत झाला. त्या यत्नाची, आणि तो करणाऱ्याच्याच हातून अगदीं उलट दिशेला पडलेल्या एका पावलाची, हकीकत येथें सांगावयाची आहे.

झां-झाक पेरे हा पॅरिसमधील चाकू, कात्र्या व वस्तरे घडविणारा एक निष्णात कारागीर. त्याच्या काळीं दाढी करणें हें न्हाव्याचें काम समजलें जाई. १७४३ सालच्या राजाज्ञेनें न्हावी व शस्त्रवैद्य यांचे धंदे अलग झाले, तोंवर तर वस्तरा आणि शीर तोडण्याचें हत्यार हीं एकाच हातांत असत. अशा वेळीं पेरे यानें ‘ला पोगोनोतोमी’ नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नांव ग्रीक धाटणीचें. अर्थ इतकाच कीं, दाढी करण्याची कला. त्याच्या लांबलचक मथळ्यांतील आश्वासनांचा क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. स्वतःची दाढी स्वतः करण्यास कसें शिकावें, हें पहिलें. हत्यारांना धार लावण्यास योग्य असे सर्व प्रकारचे दगड कसे ओळखावे, हें दुसरें. वस्तरा पलटण्याचें चामडें कसें तयार करावें, हें तिसरें. आणि शेवटीं शीर तोडण्यासंबंधीं एक महत्त्वाची सूचना. दगडाला येथें मिळालेलें दुसरें स्थान आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. ज्याला धार लावतां येत नाहीं त्यानें उत्तमांतला उत्तम वस्तरा विकत आणला, तरी महिना दोन महिन्यांनीं तो कोणाच्या तरी दारीं जाऊन उभा राहणारच. दगडाची ओळख झाली तरच तो खरा स्वतंत्र होतो. कारागिरानें आपल्या धंद्यांतील मर्म अशा रीतीनें गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

दगड पारखण्याची विद्या अर्थात् पेरे याच्याहून फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आपल्या सृष्टिवर्णनाच्या छत्तिसाव्या भागांत निसण्यांचे वर्ग पाडले आहेत. क्रीट बेटांतील व लॅकोनियांतील दगड तेलावर चालतो, नॅक्सॉस बेटाचा पाण्यावर, आणि स्पेनमधील एका जातीला न्हाव्याच्या दुकानांत माणसाची थुंकी मानवते, असें तो सांगतो. लॅटिन भाषेंत लहान निसण्याला ‘कोटिक्युला’ म्हणत. प्लिनी तोच शब्द सोन्याच्या कसोटीलाही लावतो. बेल्जियमच्या आर्देन नांवाच्या डोंगराळ मुलखांत व्हियेलसाल्म गांवाच्या आसपास निघणाऱ्या पिवळसर दगडाच्या ‘कोटिक्यूल’ या नांवांत तो शब्द अद्याप जिवंत आहे.

वस्तऱ्याच्या दगडांत या कोटिक्यूलचें स्थान फार वरचें. निळसर जांभळ्या पाटीच्या दगडांत त्याचे पातळ थर असतात. पुष्कळदां एखाद्या बोटाइतकीही जाडी मिळत नाहीं, म्हणून पाठीशीं पाटीचा आधार ठेवूनच तो वापरावा लागतो. त्याचें सामर्थ्य त्यांत विखुरलेल्या गार्नेट नांवाच्या कठीण खनिजाच्या कणांत आहे. मिलिमीटरच्या थोड्याशा हजारांशांइतके सूक्ष्म, आणि अनेक पैलूंमुळें जवळजवळ वाटोळे असे हे कण पोलादांत खोल ओरखडा न पाडतां त्याला घांसतात. त्यामुळें येणारी धार त्वचेला सौम्य लागते, असा वापरणारांचा अनुभव आहे. जर्मनींत थुरिंगिया प्रांतांतील झोन्नेबर्गच्या परिसरांतल्या पाटीच्या दगडानें, अमेरिकेंत आर्कान्सासच्या गारेसारख्या दगडानें, आणि जपानांत क्योतोजवळच्या डोंगरांतील गाळाच्या दगडानें असाच लौकिक मिळविला. आर्कान्सासच्या दगडाचें ‘नोव्हॅक्युलाइट’ हें शास्त्रीय नांवच मुळीं वस्तरा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेलें आहे.

नवशिक्याला या यादीनें भांबावून जाण्याचें कारण नाहीं. दगडाचे गुण जरी अनेक असले, तरी त्याच्याकडून व्हावयाचीं कामें दोनच आहेत. बोथट किंवा दांतरलेल्या पात्याला धारेचा उतार नव्यानें पाडून देणें हें पहिलें. त्या उतारावरचे ओरखडे क्रमाक्रमानें बारीक करीत शेवटीं आरशासारखी सफाई आणणें हें दुसरें. पहिल्या कामाला खरखरीत दगड लागतो, दुसऱ्याला अतिशय मऊ. जपानी पद्धतीच्या कृत्रिम दगडांवर आज अंक घातलेले असतात. १००० अंकाचा दगड उतार पाडतो, ४००० किंवा ५००० चा त्याला सुधारतो, आणि ८००० च्या पुढचे दगड धार पूर्ण करतात. चांगली धार लावलेला वस्तरा आरंभींच हातीं आला, तर पुष्कळ काळपर्यंत शेवटचा एकच दगड पुरतो. तो पात्याइतका रुंद असावा. आणि मुख्य म्हणजे त्याचा पृष्ठभाग अगदीं सपाट असावा. झिजून खोलगट झालेला महागडा दगड सपाट केल्यावांचून वस्तऱ्याच्या कामाचा नाहीं.

वापरण्याची रीतही पात्याच्या घडणींतच सांगून ठेवलेली आहे. चाकूला धार लावतांना हाताला कोन संभाळावा लागतो. वस्तऱ्याची जाड पाठच तो कोन ठरविते. पाठ आणि धार हीं दोन्ही एकदमच दगडावर टेंकवावीं, धार पुढें करून पातें हलक्या हातानें सरकवावें, आणि टोंकाशीं येतांच तें पाठीवरून उलटून परत न्यावें. चामड्यावर याच्या उलट, पाठ पुढें आणि धार मागें. कोटिक्यूलवर त्याच जातीचा लहान तुकडा पाण्यांत घांसला म्हणजे सहाणेवर गंध उगाळावें तसा दाट गाळ येतो; तो असतां पोलाद झपाट्यानें झिजतें. पुढें थेंब थेंब पाणी घालून तो पातळ करीत जावें, आणि शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर फिरवावे. या सर्व कामांत बळाचा उपयोग नाहीं. घाई व जोर हेच नवशिक्याचे दोन शत्रु.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पेरे याच्याच काळांतील बेंजामिन फ्रँकलिन यानें आपल्या आत्मचरित्रांत देऊन ठेवलें आहे. गरीब तरुणाला हजार मोहरा देण्यापेक्षां त्याला स्वतःची दाढी करावयास व वस्तरा नीट राखावयास शिकविलें, तर त्याच्या सुखांत अधिक भर पडेल, असा त्याचा अभिप्राय होता. पैसा उधळला जातो, पण न्हाव्यासाठीं ताटकळण्यांतून झालेली सुटका रोजची असते. वस्तरा राखणें याचा अर्थच निसणा व पट्टा जाणणें.

परंतु इतिहासाची गंमत अशी कीं, दगडाची विद्या घरोघर नेऊं पाहणाऱ्या पेरे यानेंच ती अनावश्यक करणारें बीजही पेरलें. सुताराच्या रंध्यांत पात्याची केवळ कड बाहेर डोकावते. त्या धर्तीवर त्यानें वस्तऱ्याला लांकडी कवच बसवून कापण्याची भीति कमी केली. तें कवच पुढें १८८० च्या सुमारास निराळ्याच रूपानें प्रगट झालें. किंग कँप जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्यानें लिहून ठेवलें आहे कीं, १८९५ सालीं एके सकाळीं त्याचा वस्तरा इतका बोथट झाला होता कीं पट्ट्यानें काम भागेना. न्हाव्याकडे किंवा कारागिराकडे तो धाडणें प्राप्त होतें. पेरे याचा शिष्य अशा वेळीं दगड काढून बसला असता. जिलेटच्या मनांत मात्र निसण्याची गरजच नसलेल्या, वापरून टाकून देण्याच्या पात्याची कल्पना आली. १९०३ सालीं त्याच्या मंडळीनें ५१ वस्तरे व १६८ पातीं विकलीं. १९१८ सालीं अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांसाठीं ३५ लक्ष वस्तरे मागविले. शिपाई घरीं परतले ते नवी संवय घेऊनच.

आपल्या महाराष्ट्रांत या इतिहासाचें मधलें पानच बहुधा गळालें. गांवगाड्यांत न्हावी हा बलुतेदार. निसणा त्याच्या धोकटींत असे आणि धार त्याच्या बोटांत. गृहस्थ एक तर त्याच्यापुढें मान वांकवून बसे, किंवा पुढें बाजारांतून पात्यांची पुडी आणूं लागला. दगड हातीं धरण्याची पाळी त्याच्यावर आलीच नाहीं. आज केशकर्तनालयांतही वस्तऱ्याच्या आकाराच्या मुठींत नवें अर्धें पातें बसवून तें एका गिऱ्हाइकानंतर फेंकून देतात. आरोग्याच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. मात्र त्याबरोबर धोकटींतला दगड गेला, आणि पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं ती विद्या राखली त्यांचें कसब कोणी लिहून ठेवण्यापूर्वींच लुप्तप्राय झालें. पॅरिसच्या कारागिराला स्वतःचा ग्रंथ लिहितां आला. आपल्या कारागिराच्या हातीं वस्तरा दिला गेला, लेखणी दिली गेली नाहीं.

हौसेनें वस्तरा व निसणा विकत घेणारे लोक आज पुन्हां दिसूं लागले आहेत. त्यांच्या हौसेनें जगाचा व्यवहार बदलेल असें नाहीं. बदलावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. परंतु सोय आणि विद्या या दोन देणग्या एकाच माणसानें पुढें केल्या असतां जगानें सोय उचलली व विद्या खालीं ठेवली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. निसण्याला आणि कसोटीला प्राचीनांनीं एकच नांव दिलें तें उगीच नव्हे: त्या दगडावर पातें घांसलें जातें, आणि घांसणाऱ्याचा धीरही पारखला जातो.